नवरोज : सण आणि स्वामित्व

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत म्हैसूर विद्यापीठात शिकण्यासाठी इराणी विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. मानसगंगोत्रीच्या आसपास भाड्याच्या खोल्या घेऊन ते राहिले, आणि मार्च महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्या खोल्यांतून एक कापड अंथरले जाऊ लागले. फार्सीत त्याला सुफरा म्हणतात. ज्यांच्या नावाच्या आरंभी फार्सीतील 'सीन' हे अक्षर येते अशा सात वस्तू त्यावर मांडावयाच्या असतात : ताटलीत उगवलेले गव्हाचे अंकुर म्हणजे सब्जे, त्याच अंकुरांची आटवलेली गोड खीर म्हणजे समनू, संजदाचे वाळवलेले फळ, सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सुमाक आणि सिर्का. संजद परमुलखात मिळाले नाही तर त्याच्या जागी सिक्का, म्हणजे नाणे ठेवले तरी चालते. नियम अक्षराचा आहे, फळाचा नव्हे. शेजारी आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी, काचेच्या भांड्यात लाल मासा. आणि एक ग्रंथ.

सात वस्तू ठरलेल्या असतात. ग्रंथ मात्र ठरलेला नसतो. शिया मुसलमानाच्या सुफऱ्यावर कुराण असते. जरथुश्त्री घरात अवेस्ता असतो. बहाई आपला प्रार्थनाग्रंथ ठेवतो. ज्याचे कोणत्याच धर्मग्रंथाशी फारसे जमत नाही तो शिराझच्या हाफिजचा दीवान किंवा फिरदौसीचा शाहनामा ठेवतो, आणि असे लोक इराणात थोडे नाहीत. मग सर्व जण एका क्षणाची वाट पाहतात. हा क्षण मध्यरात्रीचा नसतो. सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो हा क्षण दरवर्षी बदलतो. तेहरानमध्ये पहाटे दोन वाजता तो आला तर म्हैसूरमध्ये चार वाजलेले असतात, आणि शेजारच्या घरी त्या वेळी सारे झोपलेले असतात.

एकाच क्षणी, एकाच मांडणीपुढे, पण निरनिराळे ग्रंथ ठेवून बसलेली ही माणसे एकच सण साजरा करीत असतात काय? की एका कापडावर चार सण मांडलेले असतात? आणि चार असतील तर त्यांतील खरा कोणता? हा प्रश्न प्रथमदर्शनी पंडिती वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांच्या सणाला आज राजमान्यता आहे आणि उद्या ती काढून घेतली जाऊ शकते, त्यांच्या दृष्टीने तो तसा नाही.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर तयार असते. नवरोज हा धार्मिक सण नसून सांस्कृतिक सण आहे, ऋतूचा उत्सव आहे, म्हणून तो सर्वांचा आहे. जागतिक संस्थांनीही हेच उत्तर स्वीकारले आहे. २००९ मध्ये युनेस्कोने नवरोजला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. त्यासाठी ज्या सात राष्ट्रांनी मिळून प्रस्ताव मांडला होता त्यांत इराण, पाकिस्तान, तुर्कस्तान यांच्याबरोबर भारतही होता. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ मार्च हा आंतरराष्ट्रीय नवरोज दिन ठरविला. अशा मान्यतांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'सांस्कृतिक' हा शब्द येथे निर्णय देण्याऐवजी निर्णय टाळण्यासाठी वापरला जातो, असे म्हणणे भाग आहे. कारण सण करणाऱ्यांना विचारले तर त्यांपैकी बहुतेकांजवळ ऋतूखेरीज आणखी एक कारण असते, आणि ते कारण धर्माचेच असते.

जरथुश्त्री परंपरेत वर्षाचे सहा गाहंबार आणि सातवा नवरोज मिळून सृष्टीच्या सात अंगांचे स्मरण होते. सातवे अंग अग्नीचे. शिया परंपरेतील काही कथनांप्रमाणे पैगंबरांनी गदीर खुम्म येथे अलींचा हात उंचावून त्यांना आपला वारस जाहीर केले तो दिवस नवरोजचा होता. गदीरचा प्रसंग हिजरी सनाच्या दहाव्या वर्षी जिल्हेज महिन्याच्या १८ तारखेचा, म्हणजे इसवी सन ६३२ च्या मार्चमधला. तेव्हा हे कथन कालगणनेच्या दृष्टीने अगदीच वाऱ्यावरचे नाही. (ते कितपत विश्वसनीय मानावे याविषयी शिया विद्वानांतही वाद आहे.) आगाखानांचे अनुयायी इस्माईली नवरोजला जमातखान्यात जमतात आणि बरकतीचे प्रतीक म्हणून धान्याचे दाणे घरी नेतात. बहाई धर्मात तर हा दिवस केवळ स्वीकारलेला नाही, तो शास्त्राने घालून दिलेला आहे. एकोणीस दिवसांचा एक महिना, असे एकोणीस महिने, शेवटच्या महिन्याचा उपवास आणि उपवास सुटतो तो नवरोजला. महाराष्ट्राला बहाई समाज परका नाही. पाचगणीची त्यांची शाळा १९४५ पासूनची आहे.

यांपैकी कोणालाही 'तुमचा सण धार्मिक नाही' असे सांगणे म्हणजे त्याच्या सुफऱ्यावरचा ग्रंथ उचलून बाजूला ठेवणे होय. उचलणारा हात मित्राचा असला तरी कृती तीच राहते.

या प्रश्नाचा सर्वांत गंभीर विचार ज्याने केला तो नवरोजचा मित्र नव्हता, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. इमाम गझाली हा तूसचा, म्हणजे खास इराणी भूमीतला, फार्सी ज्याची मातृभाषा असा विचारवंत. 'कीमिया-ए-सआदत' या आपल्या फार्सी ग्रंथात बाजारातील निषिद्ध गोष्टींची चर्चा करताना तो नवरोजसाठी विकल्या जाणाऱ्या मुलांच्या लाकडी तलवारी-ढाली आणि सदे या अग्नीच्या सणासाठी विकली जाणारी मातीची पिपाणी यांच्यापाशी थांबतो. या वस्तू स्वतः वाईट नाहीत, हे तो मान्य करतो. लाकडाच्या तलवारीत काय वाईट असणार? परंतु त्या मजूसांच्या, म्हणजे अग्निपूजकांच्या सणाची खूण आहेत म्हणून त्या त्याज्य ठरतात. येथवर हा कोणत्याही कर्मठाचा युक्तिवाद झाला. गझालीचे वेगळेपण पुढे आहे. पूर्वसूरींपैकी काहींनी म्हटले होते की नवरोजच्या दिवशी उपवास करावा, म्हणजे त्या सणाचे अन्न पोटात जाणार नाही. गझाली सांगतो की विचक्षण लोकांना हेही मान्य नाही. त्या दिवशी मुद्दाम उपवास करणे हेसुद्धा त्या दिवसाचे स्मरणच झाले. तो दिवस इतर दिवसांसारखा घालवावा आणि त्याचे नावही घेऊ नये.

सणाचा विरोधकही विरोध करून त्या सणात सामील होतो, हे गझालीने ओळखले होते. सण ठेवावा की टाकावा या वादात ज्याला खरोखर टाकावयाचा आहे त्याला वाद घालण्याचीही मुभा नाही. या निकषावर पाहिले तर नवरोज बंद करणारे बहुतेक राज्यकर्ते अपयशी ठरतात. औरंगजेबाने १६५९ मध्ये दरबारी नवरोज रद्द केला; बंदी घालून त्याने इतिहासकारांना नवरोजविषयी आणखी एक नोंद मात्र पुरविली. अफगाणिस्तानात तालिबानने पहिल्या राजवटीत हा सण निषिद्ध ठरविला आणि २०२१ मध्ये सत्ता पुन्हा हाती आल्यावर त्याची सरकारी सुट्टी काढून घेतली. मजार-ए-शरीफ येथे अलींच्या नावाने असलेल्या दर्ग्यात नवरोजला उंच ध्वज उभारण्याची जुनी प्रथा होती. पाडव्याच्या सुमारास उभारलेला तो ध्वज पाहून मराठी माणसाला गुढी आठवली असती, आणि त्या साम्याचा अर्थ लावण्याचा मोह त्याने आवरावा हे बरे. सगळेच उभे खांब एका कुळातले नसतात.

गझालीला एक प्रश्न मात्र विचारता येतो. हा सण मजूसांचा, हे त्याने गृहीत धरले. पण तो त्यांचा तरी आरंभापासून होता काय? उपलब्ध अवेस्तात नवरोजचे नाव येत नाही. इसवी सन १००० च्या सुमारास लिहिणाऱ्या अल-बिरूनीने नवरोजच्या उत्पत्तीच्या अनेक कथा नोंदविल्या आहेत, आणि त्यांतून मूळ एक कथा काढणे त्यालाही जमले नाही. जमशेद राजाचे सिंहासन आकाशात चढल्याची कथा फिरदौसीने अजरामर केली, पण ती कथा आहे. त्याहीपूर्वी बाबिलोनमध्ये वसंतात वर्षारंभाचा मोठा उत्सव होत असे. हफ्त-सीनची मांडणी म्हणावी तर आजच्या रूपातील तिचे उल्लेख फार जुने सापडत नाहीत. म्हणजे मूळ मालकाचा शोध घेत मागे जावे तर मालक आणखी मागे सरकतो. धर्माने ऋतूला अर्थ दिला की ऋतूने धर्माला निमित्त दिले, हे कोणत्याही टप्प्यावर निश्चित सांगता येत नाही.

कालगणनेवर मालकी सांगण्याचा प्रयत्न म्हैसूरच्या परिसरातही झालेला आहे, आणि तो विलक्षण आहे. श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाने आपल्या राज्यासाठी नवीन कालगणना सुरू केली. १७८७ पासून तिला मौलूदी सन म्हटले जाई. महिन्यांना नवी नावे दिली : अहमदी, बहारी, आणि पुढची. वरवर पाहता हे हिंदू पंचांगाचे उच्चाटन वाटावे. पण घडण पाहिली तर महिने चांद्र, वर्ष सौर, अधिक महिन्याची सोय, साठ संवत्सरांचे चक्र कायम. आणि अहमदी हा पहिला महिना म्हणजे चैत्रच. सुलतानाचे वर्ष युगादीच्या पंचांगाने सुरू होत असे. नाव बदलले, ऋतूच्या जागा तशाच राहिल्या. अकबराने १५८४ मध्ये इलाही सन काढला तेव्हा उलट घडले होते : त्याने फरवर्दीन, उर्दिबिहिश्त ही इराणी सौर महिन्यांची नावे घेतली आणि वर्ष नवरोजपासून धरले. ते गणित ज्याने बसविले तो फतहुल्ला शिराझी अकबराकडे जाण्यापूर्वी विजापूरच्या दरबारात होता. मराठी दप्तरांतील शुहूर सनाचेही तसेच : महिने मुसलमानी, वर्ष मात्र मृगाचे. पेरणी ज्यांच्या हाती होती त्यांना तेच सोयीचे होते.

म्हैसूरशी इराणचे नाते याहून शांत मार्गानेही आले. घोड्यांच्या व्यापारासाठी १८२४ मध्ये शिराझहून बंगळूरला आलेल्या अली अस्करचा नातू मिर्झा इस्माईल १९२६ ते १९४१ या काळात म्हैसूरचा दिवाण होता. त्याच्या कारकिर्दीत कृष्णराजसागराच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान आकाराला आले. काश्मीरच्या शालिमारचा आदर्श पुढे ठेवलेली, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारे पाणी असलेली ती इराणी वळणाची बाग कृष्णाच्या नावाने ओळखली जाते, आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण पारशी समाजाचे आहे. म्हैसूरच्या खोलीत दिवस एक आणि अर्थ अनेक; पारशांत अर्थ एक आणि दिवस अनेक. त्यांच्या वर्षात ३६५ दिवस असत आणि लीप दिवस नसे. भारतात आल्यावर त्यांनी एकदा एक पूर्ण महिना अधिक धरला, इराणातील धर्मबंधूंनी तो धरला नाही. अठराव्या शतकात ही तफावत लक्षात आली आणि १७४५ मध्ये सुरतेत काही कुटुंबांनी इराणची गणना स्वीकारली. ते कदमी, उरलेले शहेनशाही. हा वाद धर्माच्या तत्त्वाचा नव्हता, तारखेचा होता. तरी भरूचमध्ये तो हाणामारीवर गेला, आणि होमाजी जमशेदजी याला १७८३ मध्ये मुंबईत फाशी झाली. आरोप खोटा होता असे समाज मानतो; 'होमाजीनी बाज' या नावाने त्याचे स्मरण आजही केले जाते. पुढे १९०६ मध्ये खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी फसली पंथाची चळवळ संघटित केली आणि वसंतसंपाताचा दिवस हाच खरा वर्षारंभ असे प्रतिपादन केले. गणित त्यांच्या बाजूने होते. तरीही भारतातील बहुसंख्य पारशांचे नवे वर्ष ऑगस्टमध्येच येते, आणि २१ मार्चचा जमशेदी नवरोज ते त्याच्या जोडीने, काहीसा वेगळ्या भावनेने पाळतात.

मराठी वाचकाने या वादाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारखा ज्योतिषाचा इतिहासकार सायन पंचांगाचा, म्हणजे संपातावर आधारलेल्या वर्षाचा पुरस्कर्ता होता. लोकांनी त्यांची विद्वत्ता मान्य केली आणि पंचांग निरयनच ठेवले. आरंभ चित्रेवरून मोजावा की रेवतीतील ताऱ्यावरून, या मतभेदातून टिळक पंचांग मानणारी कोकणातील घरे एखाद्या वर्षी शेजाऱ्यांपेक्षा महिनाभर वेगळी दिवाळी करीत. सुदैवाने त्यात कोणाला फाशी झाली नाही. स्वतंत्र भारताने मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचा १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला. म्हणजे भारताचा अधिकृत वर्षारंभ नवरोजच्या शेजारी, कधी त्याच दिवशी पडतो. तो सण म्हणून साजरा करणारे घर शोधून सापडणे कठीण. आकाशाच्या दृष्टीने इतका बिनचूक दिवस आणि त्याला कोणी दारात रांगोळी काढीत नाही! उमर खय्यामच्या बाबतीतही असेच घडले आहे. १०७९ च्या जलाली पंचांगाची सुधारणा ज्या विद्वानांनी केली त्यांत तो होता. मराठी माणूस त्याला ओळखतो तो माधव ज्यूलियनांच्या रुबायांतून, पेल्यामुळे.

या दोन उदाहरणांतील अधिक गंभीर भेद कोणता? अर्थ भिन्न असून दिवस एक असणे, की दिवस भिन्न असून अर्थ एक असणे? तत्त्वज्ञ पहिल्याला गंभीर म्हणेल. व्यवहारात दुसऱ्याचेच भांडण तीव्र होते. शेजारी कोणत्या कारणाने दिवा लावतो हे दिसत नाही. तो कोणत्या दिवशी लावतो हे दिसते. सण ही डोळ्यांपुढे घडणारी गोष्ट आहे, आणि तिची एकता ही कृतीची एकता असते. ग्रंथ मिटलेला असतो. अंकुर सर्वांना दिसतात.

एवढ्यावरून एक सण करणारे एक होतात, असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. १९७९ नंतरच्या इराणात नवरोजची सुट्टी कायम राहिली, आणि त्याच इराणात बहाई तरुणांना विद्यापीठाची दारे बंद झाली. एकाच क्षणाला दोघेही नव्या वर्षाचे स्वागत करतात, निर्बंध लादणारा आणि ज्याच्यावर ते लादले जातात तोही. १९९२ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानात जिझ्रे आणि आसपासच्या गावांत नवरोजसाठी जमलेल्या कुर्दांवर गोळीबार होऊन अनेक माणसे मारली गेली. नंतर त्याच राज्याने हा सण तुर्कांचा म्हणून आपलासा केला. सणाच्या आनंदात माणसे एक होतात हे विधान व्यासपीठावर शोभते, पण या घटना त्याला साक्ष देत नाहीत. किंबहुना सामाईक सणामुळे अन्याय अधिक बोचरा होतो. परक्याने दार लावले तर वाईट वाटते. ज्याच्या घरीही तेच अंकुर उगवलेले आहेत त्याने दार लावले तर ते सोसणे वेगळेच.

तेव्हा मालक आणि परका या दोन नात्यांपलीकडे तिसरे काही नाते आहे काय, हे पाहिले पाहिजे. ते पाहुण्याचे आहे. मराठी दिनदर्शिकांतून पारशी वर्षारंभाशी 'पतेती' हा शब्द जोडलेला आढळतो आणि लोक पारशी मित्रांना पतेतीच्या शुभेच्छा देतात. वस्तुतः पतेती म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस, वर्षभराच्या पापांची कबुली देऊन पश्चात्ताप करण्याचा. पश्चात्तापाबद्दल अभिनंदन करणे हे हास्यास्पद खरे; पण कोणी सभ्य पारशी गृहस्थ त्याबद्दल रागावत नाही, तो हसून साल मुबारक म्हणतो. त्याच्या उंबरठ्यावर चाळणीने काढलेली रांगोळी असते आणि दाराला तोरण, आणि या दोन्ही गोष्टी त्याच्या पूर्वजांनी शेजाऱ्यांकडून घेतलेल्या असतात. घेताना त्यांनीही काही चुका केल्याच असतील. पाहुण्याला सणाचा अर्थ ठाऊक असणे आवश्यक नसते. यजमानाला तो ठाऊक आहे हे पाहुण्याने मानणे आवश्यक असते. 'हे तर आमचेच' म्हणणारा आणि 'हे कोणाचेच नाही' म्हणणारा, दोघेही ही एक अट पाळीत नाहीत.

म्हैसूरमध्ये नवरोज आणि युगादी कधी एका आठवड्यात येतात, कधी दोन-तीन आठवड्यांनी. युगादीला शेजारीण वाटीतून बेवु-बेल्ला घेऊन येते, कडुनिंब आणि गूळ; सुफऱ्यावरच्या सिर्का आणि समनूला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. काश्मिरी पंडितांच्या नवरेहच्या थाळीत तांदूळ, आरसा, अक्रोड, मीठ यांच्याबरोबर नव्या वर्षाचे पंचांग असते, म्हणजे तेथेही एक ग्रंथ असतोच. जुन्या मराठी घरांतून पाडव्याला पाटीपूजन होई. पाटीवर सरस्वती काढलेली असे. ज्या घरात वाचता येणारे कोणी नव्हते त्या घरातही काही अक्षर पुढे ठेवल्यावाचून वर्ष सुरू होत नसे.

तेराव्या दिवशी सुफरा आवरला जातो. त्या दिवशी घरात थांबावयाचे नसते. शिधा बांधून उघड्यावर जावयाचे, आणि पिवळे पडू लागलेले गव्हाचे अंकुर वाहत्या पाण्यात सोडावयाचे. सोडण्यापूर्वी मुली पात्यांना गाठ मारतात. मराठी घरांत घटाखाली उगवलेले धान दसऱ्याला टोपीत खोवतात, तसे येथे ते पाण्याला देतात. म्हैसूरपासून कावेरी दूर नाही. सफरचंद खाल्ले जाते, लसूण स्वयंपाकात जाते, नाणे खिशात. ग्रंथ तेवढा पुसून कपाटात जागेवर ठेवला जातो.